लाकडी कोळशावर ड्रममध्ये धुरी : तापमान टिकत नाही, धूर पांढरा येतो

सावनेररोड :
२०० लिटरचा ड्रम आहे. तळाशी २५ मिलिमीटरची चार भोकं, झाकणाला ५० मिलिमीटरचं एक. लाकडाच्या टालावरून आणलेलं बाभळीच्या कोळशाचं २० किलोचं पोतं. बोकडाची दस्ती, म्हणजे खांद्यासकट पुढचा पाय, ११० अंशांवर चार-पाच तास धुरवायची आहे. पण पहिल्या अर्ध्या तासातच काटा १७० वर जातो. भोकं बंद केली की ८५ वर येऊन बसतो आणि पांढरा दाट धूर सुटतो. मटण कडू लागतं. दोष कोळशाचा, ड्रमचा की पद्धतीचा?

कढईखालचा :
पोत्यातला चुरा काढला का? आणि पेटवून किती कोळसा टाकता?

सावनेररोड :
चुरा नाही काढला. पोतं सरळ टोपलीत ओतलं. चिमणीभर (कोळसा पेटवायच्या उभ्या डब्यात मावतो तेवढा) कोळसा पेटवून वरून टाकला.

कढईखालचा :
मग उत्तर त्यातच आहे. ड्रम ठीक आहे, भोकंही बरोबर मापाची आहेत.

लाकडी कोळशाचे तुकडे एका मापाचे नसतात. एक विटेएवढा, एक बोराएवढा, आणि तळाशी भुकटी. आगीला लागते ती हवा या तुकड्यांमधल्या फटींतून जाते. भुकटीने फटी बुजल्या की एका बाजूने आग धावते आणि दुसरी बाजू काळीच राहते. म्हणून पोतं आणलं की पहिलं काम चाळण्याचं. बांधकामावरची रेतीची चाळणी चालते, भोक २० ते २५ मिलिमीटरचं हवं. तीन ढीग करा : मुठीपेक्षा मोठे तुकडे, लिंबू ते संत्र्याएवढे, आणि चुरा. विटेएवढे तुकडे हातोडीने दोन-तीन भागांत फोडा. ड्रमच्या टोपलीत मोठे तुकडे तळाला आणि मध्ये, मधल्या फटींत संत्र्याएवढे, वर लिंबाएवढे. हाताने रचायचे, ओतायचे नाहीत. दहा मिनिटं लागतात, पण पुढचे पाच तास त्यावरच ठरतात. चुरा ड्रममध्ये अजिबात नको. तो चहाच्या शेगडीला वापरा.

आता १७० चं कारण. चिमणीत दीड-दोन किलो कोळसा मावतो. एवढा पेटलेला ढीग एकदम टाकला की ड्रमची आग तुमच्या हातातून गेली. ११० अंशांसाठी टोपलीत ३ ते ४ किलो न पेटलेला कोळसा रचायचा, मध्ये वाटीएवढा खळगा ठेवायचा आणि त्यात फक्त १० ते १२ पेटलेले तुकडे सोडायचे, लिंबाएवढे. आग तिथून हळूहळू कडेला सरकते.

आणि ८५ वर जो पांढरा धूर येतो तो उपाशी आगीचा. भोकं गपकन बंद केली, हवा तुटली, लाकडातून आणि कच्च्या कोळशातून निघणारे वायू जळायचे थांबले. ते थंड होऊन मांसावर डांबरासारखे बसतात. कडूपणा त्याचाच.

खालचं_भोक :
कढईखालच्याचं बरोबर आहे. भोकांचं थोडं जोडतो.

झाकणाचं भोक पूर्ण उघडंच ठेवायचं. तापमान सांभाळायचं ते खालच्या भोकांनी. सुरुवातीला चारही उघडी. काटा ८५-९० वर आला की दोन बंद, कारण ड्रम आणि कोळसा दोघंही मागाहून तापत राहतात. ११० वर पोचल्यावर बंद करायला घेतलं तर १४० होणारच. १०० च्या आसपास तिसरं बंद, आणि चौथं अर्धं. प्रत्येक बदलानंतर १५ मिनिटं हात लावायचा नाही. पाच-पाच मिनिटांनी भोकं हलवली तर कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला ते कळत नाही.

झाकण उघडलं की आत ताजी हवा शिरते आणि बंद केल्यावर दहा मिनिटांत तापमान २०-३० अंश वर उसळतं. तो चढ आपोआप उतरतो. त्याला घाबरून भोकं बंद करू नका.

काटा कुठे लावलाय? झाकणावरचा काटा आणि मांसाच्या पातळीवरचं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक सहज पडतो. तारेचा थर्मामीटर जाळीवर, मांसापासून चार बोटं दूर ठेवा. तपासायचा तर उकळत्या पाण्यात बुडवून. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, म्हणून इथे पाणी ९९ अंशांना उकळतं. १०० दिसला नाही म्हणून थर्मामीटर फेकू नका.

दगडीनको :
कोळसा कोणता हेही तपासा भाऊ. आपल्याकडे उमरेड, सावनेर, कामठी पट्ट्यात दगडी कोळशाच्या खाणी, म्हणून दगडी कोळसा सहज मिळतो आणि कधी लाकडी कोळशाच्या पोत्यात मिसळलेलाही येतो. तो अन्नाखाली अजिबात चालत नाही. त्यात गंधक असतं, धूर पिवळट आणि वास झोंबणारा, आणि जे काही सुटतं ते सरळ मांसात जातं.

ओळख सोपी आहे. लाकडी कोळसा हलका, त्यावर लाकडाचे रेषे आणि कधी सालीचा ठसाही दिसतो. दगडी कोळसा जड, थराथरांचा, काचेसारखा चमकतो. बादलीभर पाण्यात टाका. लाकडी कोळसा तरंगतो, दगडी सरळ तळाला जातो. एका पोत्यातले पाच-सहा तुकडे तरी असे बघा.

चांगला भाजलेला कोळसा दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणतो. बद्द वाजला तर ओला किंवा कच्चा. मोडून बघा. आतून तपकिरी असेल तर भट्टीत लाकूड पूर्ण भाजलंच नाही. असा तुकडा पेटताना लाकडासारखा धूर देतो. तो फेकायचा नाही, बाजूला ठेवायचा आणि पहिल्या पेटवणीत, मांस ठेवायच्या आधी, जाळून टाकायचा.

वजन वाढवायला पोत्यावर पाणी मारलेलं असतं असा संशय आला तर एक किलो मोजून दोन दिवस कडक उन्हात पसरा आणि परत मोजा. फरक तुमच्यासमोरच दिसेल.

आणि बिल मागाच. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये लाकडी कोळसा जंगलातला असो की बाहेरचा, वनोपज म्हणूनच धरलेला आहे. बिनकागदाचं पोतं गाडीत टाकून वनविभागाच्या नाक्यावरून जाणं बरं नाही.

वेडीबाभूळ :
बाभूळ आणि वेडी बाभूळ यांत गल्लत होते. दोन्हींचा कोळसा कडक आणि बराच वेळ धग देणारा असतो, पण वेडी बाभूळ तडतडते जास्त. ओलावा अडकलेला तुकडा गरम झाला की आतल्या वाफेने फुटतो, ठिणग्या उडतात. पेटवताना पहिली पंधरा मिनिटं तोंड वरून न्यायचं नाही, आणि सुती कपडे घालायचे, नायलॉनचे नाही.

सावनेररोड :
कोळसा तरंगला. आतून काही तुकडे तपकिरी निघाले, ते वेगळे ठेवले. आता धुरासाठी लाकूड कोणतं? आरा मशीनवरचा भुसा चालेल का?

संत्राबाग :
आरा मशीनचा भुसा अजिबात नको. त्यात सागवान असतो, कधी पॉलिश किंवा डिंक लागलेली फळकुटं, प्लायवुडचा चुरा. सागाचा धूर तिखट आणि तेलकट येतो. कडुलिंब कडू, निलगिरी औषधी वासाची. तीनही वर्ज्य.

नागपूरकरांना बाहेर शोधायची गरजच काय? संत्र्याचं लाकूड आहे ना. काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या बागांत तोडणीनंतर सल काढतात. ते वाळलेलं लाकूड बांधावर पडून असतं. धूर हलका, गोडसर, कोंबडी आणि मासळीला फारच छान. पण सल घेताना डोळे उघडे ठेवून घ्या, कारण त्यात तीन गोष्टी असतात.

पहिली, बोर्डो पेस्ट. बुंध्याला जमिनीपासून साधारण मीटरभर मोरचूद आणि चुन्याची पेस्ट लावतात. निळसर-पांढरा थर दिसला की ते लाकूड नको. वरच्याच फांद्या घ्या. दुसरी, साल खाणाऱ्या अळीची भोकं. त्या भोकांत पेट्रोल, रॉकेल किंवा कीटकनाशकात भिजवलेला बोळा घालून मातीने लिंपतात. भोक असलेली फांदी सरळ बाजूला काढा. तिसरी, फवारणी. बागेत शेवटची फवारणी कधी झाली ते बागवानाला विचारा, आणि साल सोलूनच वापरा. वाळलेल्या फांदीची साल कोयत्याने सहज निघते.

मनगटाएवढ्या फांदीचे दोन-दोन इंचाचे गोल तुकडे करा. ओल्या फांदीचे असतील तर सहा-आठ महिने सावलीत वाळवा. पूर्ण कोंबडीला दीड-दोनशे ग्रॅम पुरे, दस्तीला तीनशे ते चारशे. तुकडे एकाच जागी नको, न पेटलेल्या कोळशात अंतर ठेवून पुरायचे, म्हणजे आग पोचेल तसा एकेक तुकडा धूर देतो.

आंबा, पेरू, जांभूळ हेही चालतं. मोठ्या मटणाला आंबा आणि संत्रा अर्धा-अर्धा.

फुंकणी :
तुकडे अर्धा तास पाण्यात भिजवून टाकायचे. नाहीतर पेट घेतात आणि धूर देत नाहीत.

संत्राबाग :
भिजवून फायदा नाही. अर्ध्या तासात पाणी लाकडात एखाद-दोन मिलिमीटरच जातं. आगीवर ठेवलं की आधी ते पाणी उडतं, तोवर वाफ निघते आणि तिलाच धूर समजतो आपण. पाणी उडाल्यावर लाकूड आधीच्यासारखंच जळतं. भिजवल्याने फक्त सुरुवात लांबते, आणि आग थंड होऊन तो पांढरा धूर वाढतो. लाकूड भडकतंय म्हणजे हवा जास्त आहे. खालचं भोक कमी करा.

फुंकणी :
ड्रममध्ये मान्य. पण उघड्या शेगडीवर झाकण नसतं, हवा कमी करायला काही हातात नाही. तिथे ओले तुकडे निखाऱ्यावर ठेवले तर भडका लांबतो आणि पाच-सात मिनिटं पनीर किंवा सीग कबाबला धूर लागतो. त्यासाठी मी भिजवणंच सुचवीन.

संत्राबाग :
शेगडीपुरतं बरोबर आहे.

खालचं_भोक :
मांस कधी ठेवायचं हे धुराच्या रंगावर ठरवा. पेटवल्यापासून ३०-४० मिनिटं धूर पांढरा असतो. तो पातळ होऊन निळसर, जवळजवळ न दिसणारा झाला की दस्ती आत. दाट धूर म्हणजे चांगला धूर, ही समजूतच कडू मटणाच्या मुळाशी आहे.

सावनेररोड :
चिमणी घरी करता येते का? आणि पेटवायला काय वापरू? रॉकेलचा वास जात नाही म्हणतात.

कढईखालचा :
१५ किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याची होते. तळापासून चार इंचावर आत जाळी किंवा आडव्या सळया, त्याखाली चारही बाजूंना बोटाएवढी आठ-दहा भोकं. हँडल लाकडी लावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप आगीजवळ कुठेही नको, त्याची वाफ विषारी असते. जाळी विकत घेतानाही हेच पाहा, बाजारातल्या बऱ्याच तारेच्या जाळ्या जस्तवाल्या असतात.

रॉकेल, पेट्रोल, डिझेल, सॅनिटायझर काहीच नको. लाकडी कोळसा सच्छिद्र असतो, तेल आत शोषतो आणि तासभर वास सोडत राहतो. वर्तमानपत्राची दोन पानं खाद्यतेलात ओली करून चिमणीखाली पेटवा. बारीक कोळसा खाली, मोठा वर. १५-२० मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडा राखाडी होतात. गोवरीचा तुकडाही पेटवायला उत्तम, पण तिचा वास मटणात नको असेल तर ती पूर्ण जळू द्या. रोडग्यांना तोच वास हवा असतो, दस्तीला नको. हुक्क्यासाठी मिळणारे झटपट पेटणारे गोल कोळसे घेऊ नका, त्यात पेट घेण्यासाठी रसायन मिसळलेलं असतं.

तंदूरगल्ली :
नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या विटा कशा? त्यांची आच एकसारखी असते म्हणतात.

कढईखालचा :
एकसारखी असते, हे खरं. तुकडे एका मापाचे म्हणून हवाही एकसारखी. पण त्यात चिकटवायला स्टार्च असतं, राख जास्त पडते, पेटायला वेळ लागतो आणि भोक उघडलं तरी आच लगेच वाढत नाही. लाकडी कोळशाला हवा दिली की दोन मिनिटांत आच चढते. सीग, चाप, पनीर यांना लाकडी. आठ-दहा तासांच्या कामाला निम्मं-निम्मं मिसळलं तरी हरकत नाही.

खालचं_भोक :
इथल्या हवेचं बोलायलाच हवं. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात काळा ड्रम आग न लावताच चांगला तापलेला असतो. तेव्हा १०-१२ ऐवजी ६-७ पेटलेले तुकडे पुरतात, आणि ड्रम सावलीत ठेवा. लू सुटली की वाऱ्याकडच्या भोकातून फुंकणीसारखी हवा शिरते. त्या बाजूची भोकं बंद, आडोशाकडचं एक उघडं. आजूबाजूला वाळलेलं गवत असेल तर लू मध्ये पेटवूच नका, झाकण उघडलं की ठिणगी दूर जाते.

पावसाळ्यात उलट. जुलै-ऑगस्टमध्ये उघडं पोतं हवेतला ओलावा ओढतं, कोळसा तडतडतो आणि पेटायला दुप्पट वेळ घेतो. पोतं जमिनीवर न ठेवता झाकणाच्या पिंपात ठेवा. आदल्या दिवशी वापरायचा तेवढा पत्र्यावर पसरून सुकवा. डिसेंबरच्या रात्री ड्रम थंड असतो, तेव्हा अर्धा किलो कोळसा जास्त आणि मांस ठेवण्याआधी ड्रमला २० मिनिटं जास्त.

डॉक्टरकॉलनी :
मध्येच बोलतो, पण हे महत्त्वाचं आहे. थंडीत काम झाल्यावर तीच धगधगती शेगडी खोलीत ऊब घ्यायला नेतात. नेऊ नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं. डोकं दुखणं, मळमळ, झोप येणं ही लक्षणं. झोपेत असाल तर कळतही नाही. काच बंद केलेली बाल्कनी, गॅरेज, शामियान्याचा बंद कोपरा, यातलं काहीही चालत नाही. विझल्यासारखे दिसणारे निखारेही तासन्‌तास हा वायू सोडतात.

सावनेररोड :
पटलं. गच्चीवर, उघड्यावरच करणार. आता दस्तीचं गणित सांगा.

तंदूरगल्ली :
दस्ती सव्वा ते दीड किलोची धरतो. बोकडाचं मांस चरबीला कमी, म्हणून नुसत्या कोरड्या आचेवर दोरीसारखं होतं. आदल्या रात्री किलोला १५ ग्रॅम मीठ चोळून फ्रिजमध्ये. नागपूरच्या उन्हाळ्यात मुरवायला बाहेर ठेवायचं नाही, ५ ते ६० अंशांत जंतू भराभर वाढतात. सकाळी तेलाचा हात, जाडसर काळी मिरी, आणि ड्रममध्ये ११० ते १२० अंशांवर. कोळशाच्या वर जाळीखाली पाण्याचं पसरट भांडं, त्याने आचेचे चढउतार कमी होतात आणि चरबी निखाऱ्यावर पडून भडकत नाही.

अडीच ते तीन तासांनी आत ७० अंशांच्या आसपास येईल आणि बाहेरून गडद लाल-तपकिरी रंग धरेल. तेव्हा केळीच्या पानात गुंडाळा, आत अर्धा कप यखनी (मटणाच्या हाडांचं उकळलेलं पाणी), वरून फॉइल. परत दीड-दोन तास. हाडाजवळ सळई लोण्यासारखी गेली पाहिजे, आकडा ९२ ते ९५. घड्याळ बघून काढू नका. काढल्यावर तसंच गुंडाळलेलं अर्धा तास राहू द्या.

कोंबडीला ११० अंश चुकीचं, कातडी रबरासारखी होते. १५० ते १६०, पाठीतून उघडलेली सव्वा किलोची कोंबडी तासाभरात होते. छातीत ७४, मांडीत ८० अंश.

इतवारीतर्री :
सावजी मसाला लावून केली तर?

तंदूरगल्ली :
वाटलेला सावजी मसाला सुरुवातीला लावू नका. त्यात खोबरं आणि खसखस असते. ड्रममध्ये कडेला करपते, उघड्या निखाऱ्यावर तर पाच मिनिटांत काळी होऊन कडू. नुसतं मीठ-मिरी लावून धुरवा आणि शेवटच्या दहा मिनिटांत मसाला तेलात परतून ब्रशने लावा. नाहीतर उलट करा : तर्री वेगळी शिजवा आणि धुरवलेली दस्ती तोडून तिच्यात पाच मिनिटं सोडा. धूर रश्श्यात उतरतो. माझं मत दुसऱ्या पद्धतीला.

वेडीबाभूळ :
भरताची वांगी लाकडी कोळशावर थेट निखाऱ्यात ठेवता येतात, हे लिहायचं राहिलं. करवंटीच्या विटांवर नको, त्यात चिकटवायचं स्टार्च आहे. वरची राख फुंकून उडवा, वांग्याला सुरीने चार टोचे, नाहीतर फुटतं. तीन-तीन मिनिटांनी फिरवा. मध्यम वांगं दहा-बारा मिनिटांत देठाजवळ मऊ होतं.

जाळीबद्दल : लोखंडी जाळी घासून कोरडी केली की जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, आणि चांगल्या कडक आचेवर अर्धा तास. असे तीन-चार थर. तेल जाड लावलं तर चिकट राहतं आणि पापुद्रे सुटतात.

सावनेररोड :
चाळलेला कोळसा, १० तुकडे, संत्र्याच्या वरच्या फांद्या. पाऊण तासात १०५, नंतर चार तास १०८ ते ११८ च्या दरम्यान. खालचं एकच भोक अर्धं उघडं होतं. कडूपणा नाही. उरलेला कोळसा विझवायचा कसा?

खालचं_भोक :
पाणी ओतू नका. वाफ हातावर येते आणि गरम पत्रा वाकतो. वरची-खालची सगळी भोकं बंद करा, हवा तुटली की आग मरते. दुसऱ्या दिवसापर्यंत झाकण उघडू नका. उरलेला कोळसा झटकून, चाळून ठेवा, पुढच्या वेळी एक भाग जुना आणि दोन भाग नवा. जुना लवकर पेटतो, म्हणून खळग्यात तोच घाला. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात किमान २४ तास. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचरागाडीत लगेच टाकली तर आतला एखादा निखारा पेट घेतो.

सावनेररोड :
राख संत्र्याच्या आळ्यात टाकली तर चालेल?

संत्राबाग :
आपल्याकडच्या काळ्या जमिनीत नको. तिचा सामू (पीएच) आधीच सातच्या वर, बऱ्याच जागी आठच्या आसपास, आणि चुनखडी भरपूर. राख तो आणखी वाढवते, मग लोह आणि जस्त झाडाला मिळत नाही आणि नवी पालवी पिवळी पडते. बारीक चाळून भांडी घासायला ठेवा, ड्रमच्या जाळीचं तेलही त्याच राखेने निघतं.